चाळ रिकामी होण्याआधी: नव्या इमारतीतली कला रहिवाशांसोबत कशी ठरवावी

पुनर्विकासाला निघालेल्या कुठल्याही चाळीच्या बिल्डर-ऑफिसात एक गुळगुळीत पुस्तिका मिळते. तिच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर नव्या इमारतीचं प्रवेशद्वार असतं: काचेचा दरवाजा, दोन ताडाची झाडं आणि मधोमध स्टीलचं काहीतरी चकचकीत वेटोळं. हे कशाचं आहे, कोणी ठरवलं, असं विचारलं की विक्रीवाला मुलगा आर्किटेक्टकडे बोट दाखवतो आणि आर्किटेक्ट इंटिरियरवाल्याकडे. गेली काही वर्षं मी अशा बैठकांत रहिवाशांच्या बाजूने बसते. कमिटीवर नव्याने आलेले सभासद, पहिलंच काम हाती आलेले आर्किटेक्ट आणि चित्रकार, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते अशांसाठी हे लिहिते आहे. चुका बऱ्याच केल्या आहेत, त्याही सांगते.

आधी वेळ बघा

नवखे लोक बहुतेक वेळा शेपटाकडून सुरुवात करतात. इमारत उभी आहे, ओसी म्हणजे राहायला जायचा दाखला यायला दोन महिने आहेत, कंपाउंडची भिंत कोरी दिसते, तर चला, रहिवाशांना विचारू. पण तेव्हा रहिवासी असतात कुठे? एक घर भाड्याने डोंबिवलीत, दुसरं नालासोपाऱ्याला, तिसरं ट्रान्झिट कॅम्पात, चौथ्या घरातले आजोबा मधल्या काळात गेलेले. ज्यांना चाळीची पायरी न् पायरी पाठ होती, नेमके तेच हाताशी नसतात. मग व्हॉट्सॲप ग्रुपवरचे पाच-सहा उत्साही लोक अंगठा दाखवतात आणि अहवालात त्याला लोकसहभाग म्हणतात.

म्हणून खोल्या रिकाम्या व्हायच्या निदान सहा महिने आधी बोलायला लागा. दुसरं कारण साधं बांधकामाचं आहे. जड दगडी कामाला खाली पाया लागतो, दिव्याला वायर लागते, पावसाचं पाणी जायला उतार लागतो. हे सगळं नकाशात आधी आलं तर फुकटात होतं, नंतर फरशी फोडून करावं लागतं आणि मग 'बजेट नाही' हे उत्तर तयारच असतं.

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालची ४ जुलै २०१९ ची कार्यपद्धती पाळावी लागते. विशेष सर्वसाधारण सभा, सल्लागाराची म्हणजे पीएमसीची नेमणूक, टेंडर, आणि ५१ टक्के सभासदांची संमती. पीएमसी नेमली गेली आहे पण टेंडरचा मसुदा अजून पक्का झालेला नाही, ही तुमची वेळ. सुविधांच्या यादीत लिफ्ट कुठल्या कंपनीची, नळ कुठल्या मेकचे हे लिहितात, त्याच यादीत कलेची बाब घाला: जागा कोणती, रक्कम किती, निवड कोण करणार. रक्कम आकड्यात लिहा. 'योग्य ती तरतूद' असं लिहिलंत तर चाव्या वाटपाच्या दिवशी प्लास्टिकची फुलदाणी मिळते.

आणि जागेबद्दल एक सूचना. एकाच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत आणि विक्रीचा टॉवर असे दोन भाग असतील, तर कला हळूहळू टॉवरच्या लॉबीकडे सरकते. वाईट हेतू असतोच असं नाही, तिथे गिऱ्हाईक येतं एवढंच. म्हणून मसुद्यात 'पुनर्वसन इमारतीच्या प्रवेशाजवळ' किंवा 'सामाईक फाटकापाशी' असे शब्द हवेत.

कोणाला विचारायचं

सभासदांची यादी सेक्रेटरीकडे मिळते. ती पुरत नाही. खोलीत वीस वर्षं राहणारा भाडेकरू, फाटकाबाहेरचा वडापाववाला, इस्त्रीवाला, पाच घरची कामं करणाऱ्या मावशी, रात्रीचा वॉचमन, समोरच्या चाळीतली मुलं जी तुमच्याच अंगणात क्रिकेट खेळतात, या सगळ्यांचा त्या जागेशी रोजचा संबंध आहे आणि यातल्या एकालाही सभेची नोटीस जात नाही. एक वही करा आणि आठवडाभर वेगवेगळ्या वेळी तिथे बसून कोण येतं-जातं ते लिहा. पहाटे पाचला दूध आणि पेपर, दुपारी अडीचला शाळेतून येणारी मुलं, रात्री साडेअकराला शेवटचे कामावरून परतणारे.

सभा रविवारी सकाळी अकराला लावू नका. मी पहिल्यांदा लावली होती. एकतीस पुरुष आले, चार बायका, त्यातल्या दोघी चहा द्यायला. बायकांना मोकळीक दुपारी तीन ते साडेचार, भांडी आवरल्यावर आणि संध्याकाळचं पाणी यायच्या आत. त्या वेळी गॅलरीत मेथी निवडत बसलेल्यांच्या शेजारी चटई टाकून बसा. मायक्रोफोन नको, प्रोजेक्टर तर नकोच. निवडायला मेथी मागून घ्या, हात मोकळे असले की माणूस मुलाखत घ्यायला लागतो.

कला कोणाला दिसणार आहे हाही प्रश्न याच टप्प्यावर विचारा. घाटकोपरजवळच्या असल्फाच्या टेकडीवरची घरं २०१७ च्या शेवटी स्वयंसेवकांनी रंगवली, मेट्रोतून जाताना ती रंगीत टेकडी खरंच छान दिसते. तिथल्या लोकांना आनंद झाला, पाहुणे फोटो काढायला आले, त्याला मी नावं ठेवत नाही. पण ते चित्र पूर्ण दिसतं ते मेट्रोतून, आत राहणाऱ्याला त्यातली फक्त समोरची भिंत दिसते. तुमच्या कामात आत राहणाऱ्याच्या डोळ्यासमोर, दार उघडल्यावर काय येणार, ते आधी ठरवा.

प्रश्न

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबते.

'तुम्हाला कसली कला हवी?' असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. शिवाजी महाराज, गणपती, झाडावर पक्षी, किंवा लाल बदामासकट मोठी अक्षरं: आय लव्ह परळ. त्या उत्तरांत खोट काही नाही. प्रश्नच असा आहे की माणूस आधी कुठेतरी पाहिलेलं आठवून सांगतो. त्याऐवजी हे विचारून बघा: संध्याकाळी कुठे उभे राहता? कोणाची वाट कुठून बघता? इथलं काय गेलं तर चुकल्यासारखं होईल? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला घर कसं सांगता?

या शेवटच्या प्रश्नातून खुणा बाहेर येतात. 'पिंपळापाशी वळ', 'हिरव्या नळासमोर', 'जिथे जिना मोडलाय तिथून दुसरी खोली'. मुंबईत खुणेचं वजन किती असतं ते बघायचं तर दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा या भागाकडे बघा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली तिथून हलवला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. घोडा गेला तरी नाव गेलं नाही. पन्नासहून जास्त वर्षं लोक नसलेल्या घोड्याच्या नावाने टॅक्सी सांगत राहिले, आणि २०१७ साली तिथे स्वार नसलेला नवा काळा घोडा उभा राहिला. लोकांच्या बोलण्यात जे आधीच आहे त्यावर उभं केलेलं काम परकं वाटत नाही.

परळच्या एका चाळीत मी हाच प्रश्न एका आजींना विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, माझा हात धरून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. सागवानी कठडा, बाकी सगळीकडे चौकोनी धारेचा, त्यांच्या खोलीसमोर मात्र वीतभर जागा झिजून गोल झालेली, बशीसारखी. आजोबा गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. पहाटे भोंगा झाला की त्या तिथे येऊन उभ्या राहायच्या. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, आजोबा पुढे वॉचमन झाले, तरी उभं राहायची जागा तीच. "आता कोण येतंय," म्हणाल्या, "पण हात तिथंच जातो."

मी वहीत लिहिलं: कठडा, खोली क्रमांक २३ समोर. त्या चाळीतल्या कामाचं सगळं सूत्र त्या ओळीत होतं, मला ते कळायला दोन महिने लागले. तोवर आम्ही मिल कामगाराच्या भित्तिचित्राची तीन रेखाटनं करून बसलो होतो, तिन्हीत धुराडं.

लहान मुलांना चित्र काढायला सांगताना 'स्वप्नातली इमारत' सांगू नका, सगळी मुलं रॉकेट काढतात. 'खोलीपासून शाळेपर्यंतचा रस्ता काढ' म्हणा. त्यात कुत्रे कुठे बसतात, कोणता कोपरा अंधारा आहे, कुठे चिंचा पडतात हे सगळं येतं.

फेरी मारा, मंडप विसरू नका

जमलेल्या खुणा घेऊन रहिवाशांसोबत प्रत्यक्ष जागेवर फेरी मारा, नव्या इमारतीचा नकाशा हातात ठेवून. नव्या नकाशात जुनी जागा कुठे येते ते खडूने जमिनीवर आखा. इथेच एका गोष्टीची पक्की नोंद घ्या: गणपतीचा मंडप कुठे पडतो, दहीहंडीचा दोर कुठून कुठे जातो, लग्नाच्या पंगती कुठे बसतात, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी कुठे वळते.

एका जागी आम्ही अंगणाच्या बरोबर मध्ये दगडी गोल ओटा केला. दिसायला देखणा. भाद्रपद आला आणि मंडळाच्या पोरांनी मला फोन केला, "ताई, मंडपाचा मधला खांब तुमच्या कलेत येतोय." पहिल्या वर्षी त्यांनी ओट्याभोवतीच मंडप घातला, दुसऱ्या वर्षी कमिटीने ओटा तोडला. चूक पूर्ण माझी होती. मी फेरी मारली होती मे महिन्यात.

मुंबईतल्या बीडीडी चाळींसारख्या, सरकारने बांधलेल्या जुन्या चाळींच्या ठिकाणी हा विचार आणखी खोलात जाऊन करावा लागतो. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींत खोली १६० चौरस फुटांची. घर लहान म्हणून निम्मं जगणं गॅलरीत, जिन्यात, मैदानात. पुनर्विकासात घर मिळतं ५०० चौरस फुटांचं, दार लागतं, आणि बाहेर उभं राहायला कारणच उरत नाही. अशा ठिकाणी बघायच्या वस्तूपेक्षा टेकायची वस्तू लोक जास्त मागतात: बाक, कट्टा, पाणपोई, लिफ्टसमोर पिशवी ठेवायला फळी. कलाकाराला हे आधीच सांगा, काहींना ते कमीपणाचं वाटतं.

भंगारात काय जाणार

पाडकामाचा ठेका घेणारा माणूस जुन्या मालावरच कमाई करतो. सागवान, बिडाचे खांब, शहाबादी, पितळी कड्या, सगळं त्याचं. करारात वेगळं लिहिलं नसेल तर तुम्हाला तोंड उघडायला जागा नाही. परळच्या त्या चाळीत आम्ही लिहिलं नव्हतं. एका सकाळी मी पोचले तेव्हा दुसऱ्या मजल्याची गॅलरी ट्रकमध्ये चढली होती. घासाघीस करून, पैसे मोजून चार फूट कठडा परत घेतला, त्यात नशिबाने तेवीस नंबरसमोरचा तुकडा होता. आज तो नव्या इमारतीच्या प्रवेशापाशी बाकाचा हात म्हणून बसवला आहे. खोल्यांच्या नंबरांच्या पत्र्याच्या पट्ट्या मात्र गेल्या, एकही हाताला लागली नाही.

तेव्हा: काय ठेवायचं त्याची यादी फोटोंसह, मापांसह पाडकामाच्या करारालाच जोडा. माल ठेवणार कुठे तेही ठरवा. तीन वर्षं लाकूड उघड्यावर राहिलं तर वाळवी आधी येते आणि कलाकार नंतर.

कलाकार

कलाकाराला भिंत तयार झाल्यावर बोलवू नका, मेथी निवडायच्या वेळी बोलवा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून या शहरात आहे, तिथून बाहेर पडलेली मुलं दर वर्षी काम शोधत असतात. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांतल्या मूर्तिकारांनाही विचारा. वीस फुटांचा सांगाडा कसा तोलायचा, फायबरचा साचा कसा काढायचा, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही, आणि ते शेजारी राहतात.

तीन कलाकार निवडा आणि तिघांनाही कल्पनेच्या आराखड्याचे पैसे द्या. फुकटातली 'स्पर्धा' ठेवलीत तर लोक जुनंच चित्र रंग बदलून पाठवतात. निवड समितीत निम्म्याहून जास्त रहिवासी ठेवा, त्यात कमिटीवर नसलेली एक बाई आणि सोळा-सतरा वर्षांचं एक पोर असावं. संगणकावरचं चित्र दाखवू नका, त्यात प्रत्येक गोष्ट संध्याकाळच्या सोनेरी उन्हात असते. प्लायवूड, बांबू, जुन्या चादरी घेऊन पूर्ण मापाचा सांगाडा त्या जागी आठ दिवस उभा करा. मुलं त्यावर चढतील, कोणीतरी कपडे वाळत घालेल, कोणाची तरी स्कूटर अडेल. या आठ दिवसांत जे कळतं ते दहा सभांत कळत नाही.

कलाकाराने लोकांकडून तपासून घ्यायची सवय लावावी. एका कोळीवाड्याच्या कामात आमच्या चित्रकाराने मासळीची पाटी रंगवली, मासे गुलाबी, लांबट, इंटरनेटवरून उचललेले. पहिली जी बाई बघायला आली ती हसायलाच लागली. "असा मासा आमच्या पाटीत कधी आलाच नाय." मग तिनेच घरून पापलेट, बोंबील, हलवा आणून समोर मांडले आणि चित्रकार वास सहन करत दुपारभर बसला. तिने लुगड्याचा काष्टाही दुरुस्त करून घेतला.

लोकांनी स्वतः हाताने करायचं काम असेल तर धारावीतली द्वैवार्षिकी, म्हणजे कलेचं प्रदर्शन, आठवा. 'स्नेहा' या संस्थेने २०१५ साली ती भरवली. आरोग्याचा विषय धरून रहिवाशांनी कलाकारांसोबत कार्यशाळांत कामं केली आणि ती धारावीतच मांडली. यात वेळ जास्त जातो. पण ज्याने फरशीचे तुकडे स्वतः बसवलेत तो त्यावर थुंकत नाही, दुसऱ्यालाही थुंकू देत नाही. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा लावून थुंकणं थांबवायची आपली पद्धत माहीत आहेच, हा तिच्यापेक्षा बरा उपाय.

कागद

सोसायटीच्या आवारात, सोसायटीच्या भिंतीवर काम असेल तर सभेचा ठराव आणि मालकाची लेखी परवानगी. बाहेरची, पालिकेची किंवा रेल्वेची भिंत असेल तर त्या-त्या कार्यालयाची परवानगी हवीच, नाहीतर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली तुमची कला आणि भिंतीवरची जाहिरात एकाच रांगेत बसतात. वारसा यादीतली इमारत किंवा परिसर असेल तर वारसा समितीकडे जावं लागतं, त्याला वेळ धरा. फुटपाथवर, रस्त्यात पुतळा बसवायचा बेत असेल तर तो सोडा: सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असं राज्यांना सांगितलं आहे. शिवाय पुतळ्यांसाठी राज्याची वेगळी कार्यपद्धती आहे आणि तिच्यात जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

कलाकाराशी करार करताना काम हलवायचं किंवा काढायचं झालं तर काय, हे लिहाच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे काम विकल्यावरही कलाकाराचे काही हक्क उरतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. सेहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला उरलेले भाग परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कमिटीला हे उदाहरण सांगितलं की कलम वाचायला सगळे पुढे सरकतात.

उद्घाटनाची कोनशिलाही आधीच ठरवा, तिचं माप, तिच्यावरची नावं, अक्षरांची उंची. हसू नका. मी अशी एक कोनशिला पाहिली आहे जी शिल्पापेक्षा मोठी होती.

पाऊस, मीठ, लोणा

नवं प्लास्टर निदान २८ दिवस मुरू द्या, मगच रंग. रंगकाम जानेवारी ते मेच्या मध्यापर्यंत उरका. भिंतीला मागून ओल असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर लोणा, म्हणजे पांढरे क्षार, फुटतो आणि चित्रातल्या माणसांना कोड आल्यासारखं दिसतं. समुद्राजवळ, वरळी-माहीम पट्ट्यात, साधं लोखंड टाळा. स्टील हवंच असेल तर ३१६ ग्रेडचं मागा, ३०४ वर खाऱ्या हवेत डाग पडतात. फायबर उन्हात फिकटतं. सगळ्यात कमी कटकट चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांची आणि दगडाची.

भांडण होणारच

कोणाला देव हवा, कोणाला नको. कोणाला नेता हवा. मी स्वतः एक रीत पाळते: व्यक्ती आणि देव यांच्यावर मतदान घेत नाही, कारण त्यात हरलेला माणूस त्या फाटकातून पुढची तीस वर्षं ये-जा करणार असतो. वस्तू, जागा, काम, झाड, खेळ यांवर बोलणं वळवते. दरवेळी जमतं असं नाही. एकदा भिंत चार वर्षं कोरी राहिली, अजून आहे. ती कोरी ठेवणंच त्या वेळी बरं होतं.

ठरलेलं लेखी फलकावर लावा, साध्या मराठीत आणि तिथे बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या भाषेत. कोणाची सूचना घेतली, कोणाची नाही घेतली आणि का, हेही. लोक नकार पचवतात, गप्प बसवलेलं पचवत नाहीत.

नंतर

ओसीच्या वेळी सोसायटीकडे पंपाची, लिफ्टची कागदपत्रं येतात. त्याच फायलीत कलेचं एक पान असू द्या: कलाकाराचा फोन, रंगाचे नंबर, कोणता दगड कुठून आणला, काय वापरून धुवायचं नाही. ॲसिड वापरायचं नाही हे मोठ्या अक्षरांत, कारण साफसफाईवाला पहिल्यांदा तेच ओततो. कॉर्पस फंडातून, म्हणजे सोसायटीच्या राखीव निधीतून, थोडी रक्कम या नावाने बाजूला काढून ठेवा. धुण्याची तारीख वेगळी काढू नका, गणपतीआधी आवार साफ करायला पोरं उतरतातच, त्याच पाइपने त्याच दिवशी. परळच्या बाकाचा तो लाकडी हात दर श्रावणात तेल लावून पुसायचा असतो, आणि तेलाची बाटली तेवीस नंबरवाल्यांच्या नव्या घरात, चपलांच्या कपाटात ठेवलेली आहे.